पहिली कादंबरी : खर्ड्यापासून दुकानातल्या फळीपर्यंत
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या नवलेखकांसाठी

पुस्तक छापून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. पैसे मोजले की नाशिकमध्येच काही आठवड्यांत गठ्ठे घरी येतात. अवघड आहे ते कादंबरी पुरी करणं, आणि पुरी झाल्यावर तिच्यावर पुन्हा काही महिने बसणं. नव्या लेखकाचे बहुतेक प्रश्न मात्र प्रकाशक, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभाचे असतात. त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत, पण लेखाचा मोठा भाग टेबलावरच्या कामाचा आहे, कारण कादंबरी तिथेच घडते किंवा बिघडते.

आधी मोजमाप

पंचवीस-तीस हजार शब्दांपर्यंतच्या मजकुराला साधारणपणे लघुकादंबरी म्हणतात. पहिल्या कादंबरीसाठी ५० ते ७० हजार शब्दांची मर्यादा ठेवा. डेमी आकाराच्या (साडेपाच बाय साडेआठ इंच) पानावर १३-१४ पॉइंट आकाराच्या अक्षरात २५० ते २७० शब्द बसतात. म्हणजे ६०,००० शब्दांची सुमारे २३० पानं झाली. सुरुवातीची पानं धरून २४०. छापखान्यात हिशोब फर्म्यात होतो. एक फर्मा १६ पानांचा, म्हणून २४० पानं म्हणजे बरोबर १५ फर्मे. छापखान्याशी दर ठरवताना हा आकडा लागेल.

रोज ४०० शब्द, आठवड्यात पाच दिवस, असं धरलं तर आठवड्याला २,००० आणि ३० आठवड्यांत ६०,००० शब्द होतात. नोकरी-शेती सांभाळून हे जमतं. रविवारी एका बैठकीत ३,००० शब्द काढण्याचा बेत मात्र सहसा फसतो. सहा दिवसांत पात्रांचा सूर कानातून जातो आणि रविवारचा अर्धा वेळ तो परत पकडण्यातच जातो.

लिहायला बसण्याआधी दोन कागद तयार करा. पहिल्यावर प्रत्येक पात्राचं नाव, जन्मसाल, नातं, आणि कोण कोणाला काय म्हणतं ते लिहा. सून सासऱ्यांना ‘मामा’ म्हणते की ‘नाना’, मुलगा वडिलांना ‘अहो’ म्हणतो की ‘अरे’, धाकटी जाऊ थोरलीला ‘ताई’ म्हणते की ‘बाई’. तिसऱ्या प्रकरणात ‘तुम्ही’ आणि विसाव्यात ‘तू’ झालं, तर मराठी वाचक ते नात्यातला बदल म्हणून वाचतो. तसा बदल हवा असेल तर तो प्रसंगातून घडलेला दिसला पाहिजे. दुसऱ्या कागदावर कालपट मांडा : साल, महिना, ऋतू, सण, त्या वेळचं प्रत्येकाचं वय.

निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, हे चर्चेने ठरत नाही. पहिला प्रसंग ८०० शब्दांत दोन्ही प्रकारे लिहा आणि मोठ्याने वाचा. ज्यात तुम्हाला कमी स्पष्टीकरणं द्यावी लागली, तो प्रकार घ्या.

खर्डा

पहिला खर्डा पुढेच जायला हवा. कालचं प्रकरण सुधारत बसणाऱ्याकडे वर्षाअखेरीस तीन देखणी प्रकरणं असतात, कादंबरी नसते. सुधारणा सुचली तर समासात चौकटी कंसात लिहा : ‘[इथे आत्याला आधी आणायला हवं]’. मग ती आलीच आहे असं धरून पुढे चला. दिवसाचं लेखन प्रसंगाच्या मध्यावर थांबवा, पुढचं वाक्य माहीत असताना. दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला त्रास होत नाही.

पंधरा ते वीस हजार शब्दांच्या आसपास बऱ्याच कादंबऱ्या अडतात. लेखकाला वाटतं, प्रतिभा आटली. कारण बहुधा साधं असतं. एक म्हणजे मुख्य पात्राला काही हवंच नसतं. ते फक्त बघतं, आठवतं आणि सोसतं. अशा वेळी त्याला एक ठोस गरज द्या : वाड्यातली खोली सोडायची नाही, बहिणीचं लग्न मोडायचं आहे, सोसायटीचं कर्ज मार्चआधी फेडायचं आहे. दुसरं कारण म्हणजे सगळी पार्श्वभूमी पहिल्या ४० पानांत ओतलेली असते, त्यामुळे वाचकाला विचारायला प्रश्नच उरत नाही. घराण्याचा इतिहास उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि लागेल तिथे दोन-दोन वाक्यांनी परत आणा. निम्म्याहून अधिक भाग कधीच परत लागत नाही. तिसरं कारण म्हणजे निवेदकाने सगळ्यांच्या मनात एकाच पानावर डोकावणं. एका प्रसंगात एकाच पात्राच्या डोळ्यांनी पाहा, कोंडी बऱ्याचदा तिथेच फुटते.

गाव खरं असू द्या

नाशिकमध्ये घडणारी कादंबरी आधी नाशिककर वाचणार, आणि त्यांना रस्ता, हंगाम, साल यातली चूक लगेच दिसते. ‘गोदाकाठची संध्याकाळ’ म्हणून चालत नाही. पुराचा प्रसंग असेल तर रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती त्यात येणारच, कारण पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावरूनच हे गाव पूर मोजतं. २००८ च्या सप्टेंबरातला पूर लिहिणार असाल, तर तो पाहिलेल्या चार माणसांशी बोला. काठावरचा दुकानदार, पलीकडच्या काठावरचा पुजारी आणि वरच्या गल्लीतला भाडेकरू यांचा पूर एकच नसतो.

सालं तपासा. सिंहस्थ २००३ आणि २०१५ मध्ये झाला. मधल्या एखाद्या साली शाही स्नान घातलं तर पुस्तक तिथेच पडतं. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. नाशिकची महानगरपालिका १९८२ मध्ये झाली, त्याआधी नगरपालिका होती. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावते, तेव्हा सत्तर सालच्या कारकुनाला तिने मुंबईला पाठवू नका. भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण १९९५ मध्ये झालं. त्याआधीच्या प्रेमकथेत ट्रंक कॉल, एसटीडी बूथ आणि चिठ्ठ्याच हव्यात.

शेतीचं तर अजून नाजूक आहे. निफाड-दिंडोरीच्या बागेत खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळ छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. बागलाणात मात्र आगाप बागा असतात आणि तिथला माल नोव्हेंबर-डिसेंबरातच बाजारात येतो. म्हणजे ‘डिसेंबरात द्राक्षं खुडत होते’ हे वाक्य एका तालुक्यात चूक आणि दुसऱ्यात बरोबर. तसंच कांद्याचं. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की लासलगावच्या बाजारात न्यावाच लागतो. चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) साठतो तो उन्हाळ कांदा. ‘भाव पडला म्हणून लाल कांदा चार महिने चाळीत ठेवला’ असं लिहिलं की शेतकरी वाचकाचा पुढच्या पानावर विश्वास राहत नाही. शिवाय कथानकाची संधीही हुकते. लाल कांदा थांबू शकत नाही, म्हणूनच त्या शेतकऱ्याला त्या दिवशी, त्या भावात निर्णय घ्यावा लागतो, आणि कादंबरीला असाच प्रसंग हवा असतो.

जुन्या काळासाठी सार्वजनिक वाचनालय, नाशिक (‘सावाना’) इथे जा. ‘सावाना’ १८४० पासूनची संस्था आहे. तिथल्या जुन्या पुस्तकांमधून आणि नियतकालिकांमधून भाव, जाहिराती, पेठांची वर्णनं मिळतात. एकोणिसाव्या शतकावर लिहिणाऱ्याने १८८३ चं नाशिक जिल्हा गॅझेटियर वाचलंच पाहिजे. पिकं, जाती, रस्ते, बाजार, सगळं त्यात आहे. फक्त ते वसाहतीच्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे, हे विसरू नका. आणि जमवलेलं सगळं कादंबरीत घालू नका. दहा गोष्टी माहीत करून दोनच लिहिल्या, तरी उरलेल्या आठांचा आत्मविश्वास वाक्यात उतरतो.

बोली आणि शुद्धलेखन

जिल्ह्यात मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी, सुरगाणा-पेठ भागात कोकणी (म्हणजे कोकणा समाजाची बोली), येवला-सिन्नरकडचं वेगळं वळण, आणि शहरात या सगळ्यांची सरमिसळ. संवादात बोली जरूर आणा, पण तिची रूपं एका वहीत नोंदवून ठेवा. एखाद्या पात्राने पहिल्यांदा एक रूप वापरलं आणि नंतर दुसरं, तर ते विनाकारण नको. बोली तुमची नसेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून सगळे संवाद वाचून घ्या आणि ऋणनिर्देशात त्याचं नाव घाला. विनोद करण्यापुरती बोली वापरणं वाचकाला झोंबतं, आणि ते योग्यच आहे.

निवेदनात ‘केले-गेले’ की ‘केलं-गेलं’, हे पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १८ नियम मिळवून वाचा. मुद्रितशोधक चुका काढतोच, पण पानागणिक पंधरा चुका असलेलं हस्तलिखित संपादक मन लावून वाचू शकत नाही.

पुनर्लेखन

खर्डा पुरा झाला की किमान सहा आठवडे बाजूला ठेवा. नंतर कागदावर छापून घ्या. पडद्यावर जे निसटतं ते कागदावर पकडलं जातं. पहिल्या वाचनात एकही शब्द सुधारू नका. फक्त समासात खुणा करा : कंटाळा आला तिथे रेघ, समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, खोटं वाटलं तिथे फुली. त्यानंतर प्रत्येक प्रसंगाची एका ओळीत यादी करा : ‘काय बदललं?’ ज्या प्रसंगासमोर उत्तर लिहिता येत नाही, तो काढा किंवा शेजारच्या प्रसंगात मिसळा. मजकूर १० ते १५ टक्के कमी होणं ही चांगली खूण आहे.

दुसरा खर्डा झाल्यावर तीन वाचक निवडा. त्यातला एक तरी तुमच्या घरातला किंवा मित्रमंडळातला नसावा. ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘छान’ हेच उत्तर येईल. विचारायचं ते असं : वाचणं कुठे थांबवलं? कोणाची नावं एकमेकांत मिसळली? शेवट कितव्या प्रकरणात कळला? तिघांपैकी दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे दोष आहे, त्यांनी सांगितलेला उपाय मात्र पाळायलाच हवा असं नाही.

एक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं उभं राहत असेल तर दिवाळी अंकाला पाठवा. अंकांचं काम पावसाळ्यात चालू असतं, त्यामुळे जून उलटायच्या आत मजकूर गेलेला बरा.

फाइल

टंकलेखन युनिकोडमध्येच करा, मग इनस्क्रिप्ट कळफलक असो वा उच्चारानुसारी. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, कृतिदेव) थेट लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वाचता येत नाही. अक्षरजुळणी करणारे काही जण आजही युनिकोडचं श्रीलिपीत रूपांतर करतात. त्यात ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’ ही अक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास मोडतात. रूपांतरानंतर ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲसिड’ असे शब्द शोधून पाहा. इनडिझाइनमध्ये (पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) थेट युनिकोड लावत असतील तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला हवा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते बघा. ‘शोभिका’ आणि ‘तिरो देवनागरी मराठी’ हे मोफत फॉन्ट पुस्तकासाठी चांगले.

प्रकाशकाकडे

मराठी प्रकाशनव्यवसाय मुख्यतः पुण्या-मुंबईत आहे. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाने गेल्या तीन-चार वर्षांत नव्या लेखकांच्या कादंबऱ्या काढल्या आहेत का, ते ग्रंथालयात जाऊन बघा. पाकशास्त्र आणि स्पर्धापरीक्षा छापणाऱ्याकडे कादंबरी पाठवून उत्तराची वाट बघणं म्हणजे फुकट गेलेले महिने. सोबत एक पानाचं पत्र (कादंबरीचा विषय, शब्दसंख्या, संपर्क), दोन पानांचा गोषवारा शेवटासह, आणि पहिली तीन प्रकरणं जोडा. शेवट लपवू नका. संपादकाला तो कळायलाच हवा. निर्णयाला चार ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. तीन महिन्यांनी एकदा विचारणा करावी.

होकार आला की करार लेखी हवा, आणि सही करण्याआधी त्यात पुढच्या गोष्टी शोधा. आवृत्ती किती प्रतींची. मानधन किती टक्के, आणि ते छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर. मराठीत छापील किमतीच्या १० टक्के हा प्रचलित दर आहे. ३५० रुपयांच्या ५०० प्रती विकल्या तर १७,५०० रुपये. ‘निव्वळ रकमेवर १० टक्के’ असं असेल तर ही रक्कम जवळपास निम्मी होते. हिशोब वर्षातून कधी देणार, तेही लिहून घ्या. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट-मालिका यांचे हक्क स्वतंत्र कलमांत असावेत. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या एका ओळीवर सही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षभर न वापरलेला हक्क लेखकाकडे परत येतो. हे कलम वाचून ठेवा.

‘पुस्तक आम्ही काढतो, तुम्ही २०० प्रती विकत घ्या’ असा प्रस्ताव आला तर तो तुमच्या खर्चाने निघणारा ग्रंथ आहे. त्यात गैर काही नाही, पण मग निर्णय आणि हक्कही तुमच्याकडे हवेत.

नवलेखकांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच. मंडळाची जाहिरात पाहून, नमुन्यात सांगितल्याप्रमाणे हस्तलिखित पाठवा. खिशातले पैसे घालण्याआधी हा दरवाजा ठोठवावाच.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्या क्षणी हक्क तुमचा होतो. पुरावा हवा असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. उलट दुसऱ्याच्या ओळी घेताना जपा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेची ओळ अर्पणपत्रिकेखाली घालायची तर २०५९ च्या अखेरीपर्यंत परवानगी लागेल. नाशिकच्या लेखकाला हा मोह हमखास होतो. तुकोबांचा अभंग खुशाल घ्या.

स्वतः छापायचं तर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर लेखकालाही अर्ज करता येतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. कागदी आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो.

कागद ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, घ्या. पांढऱ्याशुभ्र कागदावर दोनशे पानं वाचताना डोळे थकतात. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. पाठीचा कणा किती मिलिमीटर येईल ते छापखान्याने कोऱ्या पानांची डमी बांधून सांगायला हवं, अंदाजाने केलेल्या मुखपृष्ठावर नाव कण्यावरून घसरतं. शहरात छापखाने भरपूर आहेत, पण पुस्तकबांधणीचा सराव असलेला शोधा. त्याने बांधलेलं जुनं पुस्तक मागा, मधून पूर्ण उघडा, दोनदा दुमडा. पानं सुटली तर दुसरीकडे जा. पहिल्या वेळी ३०० प्रती पुरेत. जास्त छापल्यावर प्रतीमागचा दर उतरतो हे खरं, पण न विकलेले गठ्ठे पावसाळ्यात घरात ओल धरतात.

किंमत ठरवताना दुकानदार आणि वितरक यांची सूट छापील किमतीच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते हे धरा. ३५० रुपयांतून ४५ टक्के गेले की १९२ उरतात. त्यातून छपाई, मांडणी, मुद्रितशोधन आणि टपाल भागलं पाहिजे.

मुद्रितं (छपाईआधीची प्रूफं) तीनदा तपासा. पहिलं मुद्रितशोधकाने, दुसरं तुम्ही, तिसरं पुन्हा त्याने. दुसऱ्या मुद्रितात दुरुस्त केलेली ओळ तपासताना वरच्या-खालच्या ओळीही वाचा, कारण एक शब्द बदलला की परिच्छेद सरकतो आणि नवी चूक तयार होते. प्रकरणांचे क्रमांक, पानावरचं शीर्षक, पात्रांची नावं आणि पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली ओळ, यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवा.

बाहेर पडल्यावर

प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने चार प्रती पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालयं. स्वतः छापलं असेल तर प्रकाशक तुम्हीच.

समारंभासाठी सावानाचं किंवा कुसुमाग्रज स्मारकाचं सभागृह हवं असेल तर आधीच विचारा. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास तारखा मिळणं कठीण असतं. वक्ते दोनच ठेवा आणि त्यांना पुस्तक तीन आठवडे आधी द्या. न वाचता केलेलं भाषण श्रोत्यांना लगेच कळतं. हार-शालींचा खर्च वाचवून तोच पैसा तीस प्रती परीक्षणासाठी पाठवायला वापरा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी वेगळा गट असतो आणि तिथे कॅलेंडर वर्ष धरलं जातं, म्हणून पुस्तकावर छापलेली तारीख आणि प्रत्यक्ष बाहेर पडल्याची तारीख जुळवा.

मराठी कादंबरीचा मोठा वाचक ग्रंथालयात आहे. जिल्ह्यातल्या तालुका आणि गावच्या वाचनालयांची यादी जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून मिळवा, आणि त्यांची खरेदी बहुधा अनुदान आल्यावर होते हे लक्षात घेऊन त्या सुमारास ग्रंथपालांना भेटा. चांदवड, येवला, कळवण इथल्या ग्रंथपालाला एक प्रत वाचायला देऊन या; त्याला आवडली तर तो वर्षभर सभासदांच्या हातात ठेवतो. दुकानात ठेवलेल्या प्रतींची पावती घ्या आणि दर तीन महिन्यांनी मोजणी करा. वाचकांनी कळवलेल्या चुका एका फाइलमध्ये पान क्रमांकासह लिहीत जा, आणि मांडणीची मूळ फाइल, फॉन्ट व मुखपृष्ठाच्या फाइली छापखान्याकडून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्या न मिळाल्यामुळे सगळी अक्षरजुळणी पुन्हा करावी लागल्याची उदाहरणं बरीच आहेत.